टोपीवाला म्हातारा दोषी

पाळणाघरवाल्या ताईंनी कायद्याच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी हसलं नाही. हसायचं काम शेजाऱ्यांनी आधीच उरकलं होतं. यंदाची खेप तिसरी. "आता नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही," असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं, आणि एकदा बोललेलं त्या मोडत नसत.

भाषेचा भाग त्यांना सोपा जायचा, चालू घडामोडी तर तोंडपाठ. घोडं अडायचं एकाच जागी. एका भागात आधी नियम देतात, मग प्रसंग सांगतात आणि विचारतात, या नियमाप्रमाणे दोषी कोण? तिथे ताई दर खेपेला मार खायच्या.

परीक्षा आठवड्यावर आली, तशी लेक सराव घ्यायला बसली.

"नियम असा, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या आवारात शिरणारा दोषी. आता प्रसंग. एका म्हाताऱ्याची टोपी वाऱ्यानं शेजारच्या आवारात उडाली. ती आणायला तो न विचारता आत गेला. दोषी की निर्दोष?"

"शेजारी घरात होता का?"

"लिहिलं नाही."

"नसणारच. नाहीतर हाक मारली असती बिचाऱ्यानं. त्यात म्हातारं माणूस, गुडघे दुखत असणार..."

"आई, त्याला गुडघे आहेत असंही लिहिलेलं नाही."

"टोपी आहे म्हणजे डोकं आहे, एवढं धरून चाला," आतून यजमानांनी मदत केली.

"तुम्ही गप्प बसा हो," ताई म्हणाल्या आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या, "निर्दोष."

लेकीनं पेन खाली ठेवलं. "माणूस दिसलं की तू त्याची अख्खी कुंडली मांडतेस. पेपरात दिलंय तेवढंच बघ ना."

ताईंना ते पटायचं, पण मन आवरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात एका गुबगुबीत पोराला सोडताना त्याची आई बजावून गेली, "याला आज बिस्किट नाही, कितीही रडला तरी." दुपारी पोरानं भोकाड पसरलं. ताईंनी त्याला मांडीवर घेतलं, केळं सोलून दिलं, गाणं म्हटलं. डबा मात्र उघडला नाही.

"मावशी, तू वाईट आहेस," तो हुंदके देत म्हणाला.

"आहे रे बाबा."

त्याचे डोळे पुसता पुसता ताईंचा हात थबकला. एका बिस्किटानं काय बिघडणार होतं? त्यांच्या मते काहीच नाही. पण पोर त्या बाईचं, सांगणंही तिचं. आपलं मत गिळून दुसऱ्याचं सांगणं पाळायचं, हे तर त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. आणि तेवढ्यानं पोरावरची माया कधी आटली नव्हती.

घरी येताच त्यांनी लेकीला सांगितलं, "तो टोपीवाला दोषी."

"आणि गुडघे?"

"दुखू देत. नियम त्यांचा, मी फक्त सांभाळायला बसलेय."

लेकीनं मग प्रसंगांमागून प्रसंग घातले. ताईंनी एकेकाला हळहळत दोषी ठरवलं, आणि उत्तरं बरोबर येत गेली.

परीक्षेच्या दिवशी एका प्रश्नात एक मुलगी आजारी आईसाठी घाईत दुसऱ्याची सायकल घेऊन जाते, असा प्रसंग आला. ताईंचा जीव कळवळला. त्यांनी नियम पुन्हा वाचला, उत्तरावर खूण केली आणि पुटपुटल्या, "माफ कर गं बाई."

"बोलू नका," देखरेखीवरचे सर म्हणाले.

"तुमच्याशी नाही हो, हिच्याशी," ताईंनी पेपराकडे बोट दाखवलं. सरांनी पेपर पाहिला, ताईंना पाहिलं आणि दुसऱ्या रांगेत निघून गेले.

देवाच्या कृपेनं निकाल चांगला लागला. संध्याकाळच्या कॉलेजात जागा मिळाली. यजमानांनी हसणाऱ्या शेजाऱ्यांना स्वतः जाऊन कळवलं, एकालाही वगळलं नाही.

आता पाळणाघर पाचला बंद करणं भाग होतं. ताईंनी सगळ्या आयांना तसं सांगितलं. बहुतेकींनी सोय लावली. दवाखान्यात काम करणारी एक मात्र घुटमळत राहिली.

"ताई, माझी सुट्टीच साडेपाचला होते. दुसरं कुणी नाही हो सांभाळायला."

"पाच म्हणजे पाच," ताई मऊ आवाजात म्हणाल्या. तिचा चेहरा उतरला, तसं त्यांनी तिच्या तान्हीला कडेवर घेतलं. "हिला तुम्ही कॉलेजातून घेऊन जात जा. वर्गात मूल आणू नये असा नियम त्यांच्या पुस्तिकेत नाही. मी दोनदा वाचून पाहिलंय."