निम्म्या चालीवर

मी मदरबोर्ड बोलतोय, कॉम्प्युटरच्या पोटातला. दचकू नका. निकिताही माझा आवाज पहिल्यांदा ऐकून अशीच दचकली होती. आवाज म्हणजे तरी काय, एक बारीक ‘टूं’. ज्या आठवड्यात मला खूप काही सांगायचं होतं, त्या आठवड्यातही माझ्याजवळ तेवढंच होतं.

१९९८ साली मी पुण्याच्या एका दुकानातून बारामतीत, हिंदुरावांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आलो. हिंदुराव हौशी माणूस. साधा बोर्ड त्यांना नकोच होता. ज्याच्यावर प्रोसेसरचा वेग वाढवता येतो असा बोर्ड म्हणून त्यांनी मला मुद्दाम निवडलं, वेग वाढवून चार जणांना दाखवला आणि मला निकिताच्या हवाली करून ते मोकळे झाले.

निकिता कळस गावची. बी.एस्सी. होऊन नुकतीच कामाला लागलेली, तीही तीन महिने बघू या बोलीवर. फोन वाजला तरी तिच्या हातातलं पेन पडायचं. माझे स्क्रू मात्र ती बाळाचे कान टोचताना धरावेत इतक्या जपून फिरवायची.

दसऱ्याला तिचे वडील आप्पा एस.टी.नं क्लास बघायला आले. त्यांची अर्धी हयात मेंढरांमागं गेलेली. लेक कशावर काम करते ते त्यांना दिसावं म्हणून निकितानं माझं झाकण उघडलं. आप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी बंडीतून पिशवी काढली आणि खंडोबाचं नाव घेऊन मूठभर भंडारा माझ्यावर उधळला. निकितानं हात जोडले. मला हात असते तर मीही जोडले असते. झाकण लागलं.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

डाळिंब बागायतदारांच्या मेळाव्याची चौसष्ट पानी पुस्तिका क्लासमध्ये जुळवून शनिवारी छापखान्यात द्यायची होती. सकाळी मी धावायचो; अकरानंतर एकेक पान पडद्यावर उमटायला मिनिट लागायचं. हिंदुराव म्हणाले, दुपारी शेतातल्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर आला. मी तसाच. मग त्यांचा सूर बदलला.

“शनिवारपर्यंत हे सरळ झालं न्हाय तर पुण्याचा माणूस बोलावतो. मग तुमचं हितं काय काम, मॅडम?”

मॅडम असं त्यांनी तिला एरवी कधीच म्हटलं नव्हतं.

निकिता डबा तसाच ठेवून माझ्या निळ्या पडद्यासमोर बसली. माझे सगळे नियम तिथं लिहिलेले असतात. काही वीज वाचवण्याचे: काम नसलं की प्रोसेसरला डुलकी घेऊ द्यायची, फारच वेळ गेला तर झोपवायचं. तिला वाटलं, मी भर कामात डुलक्या घेतोय. ती एकेक नियम बंद करायची, वहीत लिहायची, मला पुन्हा सुरू करायची. गुरुवारी सकाळी पानं सरसर उमटली आणि ती स्वतःशीच हसली. अगं, मी रात्रभर गार झालोय म्हणून पळतोय! हे तिला कसं सांगू? अकरा वाजले आणि माझे पाय पुन्हा जड झाले.

शुक्रवारी एकच ओळ उरली. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढं गेला की त्याला निम्म्या चालीवर आणायचं. त्याला जाळू नये म्हणून मी आठवडाभर तेच तर करत होतो. तिचं बोट बटणावर थांबलं, मागं आलं, पुन्हा गेलं.

तिनं तीही बंद केली.

मी सुसाट सुटलो. हिंदुराव मागून बघून मान डोलावून गेले. आत माझी भट्टी झाली होती. टूं. टूं. टूं.

निकिता दचकून उठली आणि तोल सावरायला तिचा हात माझ्या पेटीवर पडला. पत्रा तव्यासारखा तापला होता. तिनं वायर ओढली, झाकण उघडलं, पंख्याला बोट लावलं. पंखा हलेना. त्याच्या तेलात भंडाऱ्याचा लगदा झाला होता आणि खालच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या पिवळ्याधमक झाल्या होत्या.

दसऱ्याची ती मूठ तिला आठवली. तिनं रंगाचा ब्रश आणला, खालच्या शिंप्याकडून मशीनच्या तेलाचा थेंब आणला. पंखा फिरला. मला निम्म्या चालीवर आणणारा नियम तिनं सगळ्यात आधी पुन्हा सुरू केला. शनिवारी दुपारी चौसष्ट पानं तयार होती.

“व्होल्टेजच होतं ना?” हिंदुरावांनी विचारलं.

नुसतं हो म्हटलं तरी भागलं असतं. वहीचा कोपरा चुरगाळत ती म्हणाली, “नाही सर. आप्पांनी भंडारा टाकला होता. झाकण मीच उघडलं होतं.”

हिंदुरावांनी आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “नशीब, नारळ आत फोडला न्हाय.” आणि टेबलाच्या काचेखालची पुण्याच्या माणसाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी काढून त्यांनी टोपलीत टाकली.

पुढच्या दसऱ्याला आप्पा पुन्हा आले. पिशवीत हात घातला आणि तिथंच थांबले.

“पोरी, आता कुठं टाकू?”

निकितानं टेबलावर रुमाल अंथरला आणि त्यावर आपला स्क्रूड्रायव्हर आणि ब्रश मांडला. आप्पांनी दोन्हींवर चिमूट चिमूट भंडारा वाहिला.

माझ्या एका स्क्रूच्या खाचेत तो पिवळेपणा अजून आहे. तो निघत नाही, आणि ती तो खरवडतही नाही. दुपार चढली की मला आजही धास्ती वाटते. म्हणून एवढंच मागणं: मी मंदावलो तर मला पळवायला जाऊ नका. आधी हात लावून बघा.