सुखीबाईची पात

अबे, ऐका तं! राळेगावकडच्या तांड्यातली बबिता हाय न, तिच्या याडीचं सांगतो. याडी म्हणजे माय, सुखीबाई. पोळ्याच्या आधी ताप आला अन् गेली बिचारी.

तं दिवाळीच्या तोंडावर कोकिळाकाकूच्या वावरात कापूस फुटला, पांढराफेक! दहीभात शिंपडून सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा झाली, अन् बाया ओट्या बांधून लागल्या वेचाले. जिची-तिची पात ठरलेली. एका बाईच्या दोन ओळी, अन् शेजारीण बी दरसाल तेच. मधात सुखीबाई, एका बाजूले बबिता, दुसऱ्या बाजूले झमलीकाकी. सुखीबाईचं तोंड हातापेक्षा जोरात चाले, सारं वावर हासे.

त्या दिवशी कोनी बोललंच नाई. खाली मुंडी घालून वेचत वेचत साऱ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पोचल्या. मांगं वळून पाह्यतात तं काय! सारं वावर वेचलेलं, अन् मधातून पांढरी लकीर, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. सुखीबाईच्या पातीले कोनी हातच लावला नव्हता. ठरवलं बी नव्हतं कोनी!

झमलीकाकी त्या लकीरीकडं बोट दाखवून म्हणे, "मले वाटलं, ते येऊन राह्यली मांगून. रोजच मांगं राहे न, गप्पा हाकत."

तेवढ्यात कोकिळाकाकू आली. "काहून वो, डोळे घरी ठेवून आल्या काय आज?" मंग तिच्या ध्यानात आलं. आवाज उतरला. "जाऊ द्या. उद्या दुसरी बाई लावतो त्या पातीत, मंग दर वेचणीले तेच वेचन."

बबिता झटकन वळली. याडीच्या जागी दुसरी बाई?

"नको काकू. मी वेचतो."

"अवो, तुह्या दोन अन् ह्या दोन, दर वेचणीले एकटीच्यानं चार ओळी होतात काय?"

बबितानं ऐकलंच नाई. घुसली पातीत. बोंडातून कापूस काढून ओटीत टाकून राह्यली. अर्ध्यात गेल्यावर तिनं मान वळवली. याडी जिकडं पाहून हासे, तिकडंच. तिथं बबिताची सोताची पात होती. वेचलेल्या पऱ्हाट्या, कापसाची रिकामी झाडं, अन् कोनीच नाई.

लय वेळ पाहत राह्यली.

काकूनं हळूच इचारलं, "मंग त्या बाईले नको सांगू काय?"

"सांगा न," बबिता म्हणे. "पुढच्या वेचणीले माह्या पातीत लावा तिले. याडीची मी वेचतो."

अन् पुन्हा वाकली.