देवाआधी पाहुण्यांना

थांबा पहिला: विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ. दक्षाने मुंबईच्या चार पाहुण्यांना दर्शन घडवलं.

थांबा दुसरा: कैनाडच्या वेशीवरचा वाघदेव. शेंदूर फासलेल्या लाकडी खांबावर कोरलेला वाघ. इथे दक्षाचा आवाज चढला. "नवं भात कापलं तरी आधी देवाला दाखवतो. तोवर आमच्यात कोणी दाणा तोंडात घालत नाही." एका पाहुणीने ते वहीत लिहून घेतलं.

थांबा तिसरा: दक्षाचं घर, जेवण.

'नव्या तांदळाचा भात' असं सहलीच्या पत्रकात तिनेच छापलं होतं. देवाला दाखवायचा दिवस अजून आठवड्यावर होता. म्हणून सकाळी सासू रानात गेल्यावर तिने गुपचूप नवं भात कांडलं होतं.

पानं वाढली आणि सासू, बायजी, मोळी घेऊन दारात आली. वासानेच तिला कळलं. ती सुनेकडे बघत राहिली.

वहीवाल्या पाहुणीचा घास हातातच थांबला. "दक्षाताई, देवाला दाखवलात ना हा?"

दक्षाने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"जुनाच हाय तो, बाय," बायजी म्हणाली. "सून हातानं कांडते, म्हणून नवा वाटतो. जेवा पोटभर."

"मग आजी, तुम्हीही बसा!"

"मला उपास हाय."

बायजी पाठ फिरवून उंबऱ्यावर बसली. तिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं, असं दक्षाला वाटलं.

"ताई, अजून थोडा भात?" वहीवाल्या पाहुणीने पान पुढे केलं.

दक्षाला तो वाढावाच लागला.