विमानानं गेलेला दोर

त्या उन्हाळ्यात खापरटाकळीच्या विहिरीतलं पाणी इतकं खोल गेलं होतं, की वरून सोडलेला पोहरा तळाला पोचेपर्यंत बायांचं एक अख्खं गाणं म्हणून व्हायचं, असं लोक सांगत. थोडं वाढवून सांगत असतील. पण शेजारच्या लातूरला आगगाडीनं पाणी आणलं ते हे साल. तेव्हा फार वाढवावं लागत नव्हतं.

रोजच्यासारखीच सकाळ होती. विहिरीच्या ओट्यावर गावातल्या बाया उभ्या होत्या, आणि ओट्याखाली, उन्हात, बौद्धवाड्यातल्या बाया घागरी मांडून बसल्या होत्या. खालच्या बाईनं ओट्यावर पाय ठेवायचा नाही, पोहऱ्याला हात लावायचा नाही. वरच्या कुणाला दया आली तर तिनं शेंदून वरूनच ओतायचं, तेही घागरीला घागर लागू न देता. निम्मं पाणी मातीच प्यायची. कावून, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पहिल्यापासूनची रीत हाय."

विहीर मात्र पहिल्यापासूनची नव्हती. गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेनं ती खणली, तेव्हा बौद्धवाड्यातला धडधाकट म्हणावा असा एकही माणूस घरी बसला नव्हता. पाणी लागलं त्या दिवशी चिखलाचा पहिला ओला गोळा ज्यानं तळातून वर पाठवला तो कचरू, चतुराबाईचा लेक. पाणी लागेपर्यंत सहकार होता, पाणी लागल्यावर रीत आली.

"चतुराबाई, सरक की मागं. शितोडे उडतेत," ओट्यावरून रुक्मिणीबाई म्हणाली.

"उडू दे बाई. तेवढीच माझी आंघूळ." चतुराबाईनं घागर पुढं सरकवली आणि पोहऱ्याकडं बघत रोजचा प्रश्न विचारला, "दोर कुठाय?"

बाया एकमेकींकडं बघून हसल्या. म्हातारीचा हा प्रश्न गावाच्या सवयीचा झाला होता. पोरं तर तिला 'दोरवाली'च म्हणायची.

गोष्ट मागच्या दुष्काळातली. त्या दिवशी सकाळपासून ओट्यावरून कुणी थेंबही ओतला नव्हता. संस्थेचे चेअरमन आबासाहेब यांच्या मोसंबीला टँकर भरून जायचे होते. दुपारी, गाव सामसूम झाल्यावर, कचरूनं आपला दोर रहाटाच्या खांबाला बांधला आणि घागर घेऊन तो विहिरीत उतरला. संध्याकाळी तळातल्या खडकावरून त्याला काढला तेव्हा घागर फुटलेली होती, डोकंही.

"पाय घसरला," आबासाहेब फौजदाराला म्हणाले.

"मग दोर कुठाय?" चतुराबाईनं विचारलं.

"दोर न्हवताच."

पस्तीस हात विहिरीत माणूस दोराशिवाय उतरतो, हे फौजदारानं लिहून घेतलं. त्याला आणखी एक वाक्य आबासाहेबांनी दिलं, "साहेब, आमच्या गावात वाद न्हाईच. सगळे गुण्यागोविंदानं ऱ्हातेत." आबासाहेबांचा धर्मराज त्या दिवशी परीक्षेला बीडला गेलता, म्हणून त्याला कुणी काही विचारलंच नाही. प्रकरण मिटलं. चतुराबाईनं तो दोर स्वतः वळलेला होता, अंबाडीचा. कुणी आपला म्हणू नये म्हणून हात-हात अंतरावर तिनं त्यात निळ्या लुगड्याची चिंधी गुंफली होती. लेक जाळला तिनं. दोर जाळायला मिळाला नाही, म्हणून तिचं सुतक कधी फिटलंच नाही.

आणि आता गंमत बघा. सात समुद्रापलीकडच्या नॉर्वे नावाच्या देशातल्या एका संस्थेनं पृथ्वीवरचे भांडणाचे मुलूख हुडकायला काढले. कुठं तोफांचं भांडण, कुठं धर्माचं. जातीच्या भांडणाचा मुलूख म्हणून त्यांच्या बोटाखाली आपला मराठवाडा आला. अशा मुलखातली तरुण, वाद मिटवणारी पोरं-पोरी तिकडं न्यायची, पुढारपणाचं शिक्षण द्यायचं आणि परत धाडायची. पुण्याच्या अनघाताईंकडं निवडीचं काम होतं. त्यांच्या मनात खापरटाकळीची मुक्ता होती, कचरूची बहीण. बायांना घेऊन केजच्या तहसीलवर तिनं घागरींचा मोर्चा नेला होता. मार खाऊनही उलट दगड न उचलायला तिनंच पोरांना शिकवलं होतं.

पण परदेश म्हटल्यावर आबासाहेबांना झोप लागेना. धर्मराजचं शिक्षण अर्धवट, लग्न जमत नव्हतं, आणि पाणी संस्थेची निवडणूक तोंडावर. परदेशी शिकून आलेला पोरगा म्हणजे पुढचा चेअरमन. अडचण एकच होती. वाद मिटवणारा पोरगा पाठवायचा तर गावात आधी वाद असायला हवा, आणि गावात वाद नाही हे तर त्यांनीच फौजदाराला छाती ठोकून सांगितलेलं.

तेव्हा सूर्य पश्चिमेला उगवला. आबासाहेब चतुराबाईच्या अंगणात आले.

"बसा की," चतुराबाई म्हणाली. "पानी घेता का?"

"न्हाई न्हाई. आत्ताच पिऊन आलो."

"आसल्या दुष्काळात तुमालाच जमतं ते."

आबासाहेबांनी ते गिळलं. "एक काम हाय, चतुराबाई. पुन्याच्या बाई येनार हायेत. त्यांनी इचारलं तर सांगायचं, गावात वाद हाय."

"हाय?" म्हातारीनं डोळे मोठे केले. "कदीपास्न?"

"आसं काय करता! आन् सांगायचं, आमच्या धर्मराजनं त्यो मिटवायला लई धडपड केली."

तीन वर्षं जो माणूस 'वाद न्हाई' म्हणत होता, तो आज तिच्या दारात वादाची भीक मागत होता. तिच्या पोटातला जुना विंचू हळूच नांगी वर करून बसला.

"सांगते की," ती गोड आवाजात म्हणाली. "पर नुसतं वाद हाय म्हनून भागंल का? काईतरी घडलेलं नको? आसं सांगू का, माझा कचरू हिरीत लोंबकळत व्हता, आन् तुमचा धर्मराज त्याला वाचवायला धावला?"

आबासाहेबांचा चेहरा आधी पडला, मग उजळला. पोरगा वाचवणारा ठरत होता, आणि तेही मेलेल्याच्या आईच्या तोंडून! रात्री जेवताना ते धर्मराजला म्हणाले, "म्हातारीला डोकं हाय बे. उगंच येडी समजत व्हतो."

अनघाताई आल्या, तेव्हा चतुराबाईनं डोळ्याला पदर लावून सगळं सांगितलं. धर्मराज किती गुणाचा, कचरूसाठी कसा धावला. मुक्ता दारात उभी राहून ऐकत होती. ताई गेल्यावर तिनं आईच्या पुढ्यातलं ताट लाथेनं उडवलं.

"माय, माझ्या भावाच्या मड्यावर त्याला चढवलंस? आन् वरून माझं जानं घालवलंस?"

"चढू दे," चतुराबाई सांडलेला भात वेचत म्हणाली. "उंच चढल्याबिगर कुनी नीट आपटत न्हाई."

"तुझी डोस्की फिरलीय!"

मुक्तानं त्या दिवसापासून आईशी बोलणं टाकलं. चतुराबाईला ते सोसवत नव्हतं. पण पोरगी सरळ होती, मनातलं तोंडावर यायला तिला वेळ लागत नसे. तिला सांगणं म्हणजे चावडीवर दवंडी पिटणं. आणि खरं सांगायचं तर म्हातारीजवळ सांगण्यासारखा बेतही नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं, की खोट्याला पाय लागतात, आणि ते लावण्यासाठी खोटं बोलणारा घरातलं खरं सामान काढतो.

निवड धर्मराजचीच झाली. जायच्या आधी तो तिच्याकडं आला. आजवर 'ए म्हातारे' म्हणणारा, आज म्हणाला, "मावशी, एक अडचन हाय. तिकडं जाताना परत्येकानं आपल्या भागातल्या भांडनाची एक वस्तू न्यायची आसती. तिच्यावर बोलायचं आसतं. कचरूदादाचं काई हाय का?"

चतुराबाई सुपातले दाणे पाखडत राहिली.

"काय आसनार, बाबा? चप्पल व्हती, ती जाळली." जरा थांबून तिनं सुस्कारा सोडला. "त्याचा दोर आसता तर लई शोभला आसता बग. 'ह्याच दोरानं मी त्याला वर वढत व्हतो' म्हनला आसतास, तर गोऱ्या लोकांच्या डोळ्यातून टिपं गळाली आसती. पर त्यो गावलाच न्हाई, काय करावं!"

धर्मराजच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि म्हातारीच्या हातातलं सूप तेवढ्यापुरतं थांबलं.

धर्मराज विमानात बसला आणि गेला. गावात बातम्या येत राहिल्या. तिकडं रात्र होत नाही, बर्फावर गाड्या चालतात, आणि धर्मराज बोलला की सभा रडते. मुक्ता रोज ओट्याखाली घागर लावून उभी राहायची, आईकडं न बघता. चतुराबाईनं मात्र विहिरीवर 'दोर कुठाय' विचारायचं बंद केलं. रुक्मिणीबाईला चुकल्यासारखं झालं. "बरी हाईस न्हवं?" तिनं विचारलं.

"बरी हाय. दोर कुठाय ते कळल्यासारखं वाटाया लागलंय."

धर्मराज परतला तो भर उन्हाळ्यात लोकरीची टोपी घालून. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. नवे पोलीस उपअधीक्षक प्रमुख पाहुणे, वार्ताहर मोबाइल धरून, आणि मध्ये खास नॉर्वेहून आलेल्या उंच, पांढऱ्या केसांच्या इंग्रिडबाई, शेजारी अनघाताई त्यांचं बोलणं मराठीत करायला. बौद्धवाड्याला बोलावणं होतं, बसायला मांडवाच्या बाहेरची जागा.

धर्मराज घामानं निथळत बोलला. "तिथं लढाईत घरं गेलेली पोरं व्हती. मी त्यांना माझ्या गावची कहानी सांगितली. हिरीत एक गरीब मानूस लोंबकळत व्हता. मी एकटाच तिथं व्हतो. मी दोर धरला, जिवाच्या आकांतानं वढला, पर दोर तुटला!"

टाळ्या पडल्या. आबासाहेबांनी सर्वांत आधी वाजवल्या.

मग इंग्रिडबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून एक काचेची पेटी काढली. अनघाताईंनी सांगितलं, "धर्मराज ही वस्तू आमच्या संग्रहात कायमची ठेवा म्हणाला होता. पण त्याची गोष्ट ऐकल्यापासून इंग्रिडबाईंच्या मनाला पटेना. त्या म्हणतात, ही वस्तू आमची नाही, त्या आईची आहे. त्यांनी स्वतः ती परत आणलीय."

धर्मराजची टोपी तशीच राहिली, चेहरा मात्र पांढरा झाला.

चतुराबाई उठली. मांडवाबाहेरून ती सरळ मधल्या वाटेनं आली, पायऱ्या चढली, आणि पेटी उघडली. अंबाडीचा दोर. हात-हात अंतरावर निळी चिंधी. माणसाची राख झाली, आणि त्याचा दोर विमानानं जग फिरून आला होता! म्हातारीनं तो हुंगला, गालाला लावला. रडली नाही. रडायचे दिवस तिनं केव्हाच वापरून टाकले होते.

"धर्मराज बाबा," ती ध्वनिक्षेपकाजवळ जाऊन म्हणाली, "फौजदाराला तुझ्या आबांनी सांगितलं दोर न्हवताच. मग ह्यो कुठं व्हता?"

"त्यो... गोठ्यात... गावला."

"कोनाच्या गोठ्यात?"

धर्मराज आबासाहेबांकडं बघू लागला.

"आन् तू तर बीडला परीक्षेला गेलतास न्हवं?" तिनं दोराचं टोक उचलून उपअधीक्षकांपुढं धरलं. "साहेब, तुमीच सांगा. ह्यो तुटलाय का कापलाय?"

साहेबांनी टोकावरून बोट फिरवलं. एकही धागा पिंजलेला नव्हता. कोयत्याचा एकच घाव. त्यांनी धर्मराजकडं पाहिलं. अनघाताई इंग्रिडबाईंच्या कानात सांगत होत्या, आणि त्या बाईचे डोळे मोठे मोठे होत होते.

"एकटाच व्हतास म्हनतोस," चतुराबाईचा आवाज अजून गोडच होता. "मग कापनारा तूच."

"मी न्हाई!" धर्मराज ओरडला, आणि ध्वनिक्षेपक चालू असल्यानं ते वेशीपर्यंत गेलं. "मी नुसता उभा व्हतो! आबांनी कापला! 'हिरीत उतरायची हिंमत कशी झाली' म्हनले, आन् कोयता घातला! गळ टाकून दोर वर काढला, गोठ्यात दडवला, आन् मला म्हनले, तू बीडला व्हतास!"

आबासाहेब उठू गेले आणि परत खुर्चीत बसले. त्यांनी घशाकडं बोट दाखवलं.

चतुराबाई मांडवाकडं वळली. "पानी द्या रं कुनी आबासाहेबांना. तहान लागलीय." मग सावकाश म्हणाली, "पर वरून ओता. भांडं लागू देऊ नका."

कुणी हसलं नाही. ओट्यावरच्या बाया पहिल्या रांगेत बसल्या होत्या. रुक्मिणीबाईनं मान खाली घातली.

बापलेकांना साहेबांच्या गाडीत बसवलं. दोराचा पंचनामा होऊन तो मोहोरबंद झाला. इंग्रिडबाईंनी मुक्ताचा हात धरून विचारलं, पुढच्या वर्षी तू येशील?

"येईन," मुक्ता म्हणाली. "पर आधी हितल्या कोर्टाची तारीख. ती संपल्यावर सांगेन, कशावर बोलायचं ते." मग आईकडं वळून, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा, ती बोलली, "माय, एवढं मनात ठिवून जेवत कशी व्हतीस गं?"

"भात तर तू सांडलास. जेवते कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई नवा दोर घेऊन ओट्यावर चढली. मागून मुक्ता, मागून सगळा बौद्धवाडा. कुणी आडवं आलं नाही. अडवायला तोंड नव्हतं, लाज होती की भीती, ते ज्याचं त्याला ठाऊक. पोहरा खाली गेला, कचरू जिथं पडला त्या खडकावर टेकला, आणि वीतभर पाणी घेऊन वर आला. गढूळ होतं. पण त्यातला एक थेंबही मातीत सांडला नाही.

बीड जिल्ह्यात अजून पुष्कळ गावं आहेत, आणि पुष्कळ आबासाहेब छाती ठोकून सांगतात की आमच्या गावात वाद नाही. तुम्हालाही कुणी सांगितलं तर मान डोलवा, चहा घ्या, आणि निघताना त्यांच्या गोठ्यात एकदा डोकावून या.