बाबांनी आणलेली पट्टी

…हिरवी, वीतभरही नाही, एका कडेला सोनेरी दातांची रांग. पेई-शान कॉम्प्युटरच्या मेमरीची ती पट्टी बोटांत फिरवत होती आणि ती ज्या रुमालात गुंडाळून आली होती त्याला बाबांच्या सांधेदुखीच्या मलमाचा वास येत होता. ज्या बाबांनी सारा जन्म कीलुंगच्या बंदरावर क्रेन चालवली, लेकीच्या हलत्या चित्रांकडे पाहून दर खेपेला एवढंच विचारलं, "कशाला हे?", ते बाबा कुणाला न सांगता तैपेईच्या बाजारात जाऊन, हिचा कॉम्प्युटर दमतो म्हणून… सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिची हलत्या चित्रांची फिल्म संध्याकाळी पाचच्या आत स्पर्धेला पोचवायची होती, आणि जुन्या एकट्या पट्टीला तिचं ओझं पेलत नव्हतं.

तिने नवी पट्टी जुन्या पट्टीशेजारी खोचली. पडद्यावर मेमरी दुप्पट दिसली तेव्हा ती चक्क नाचली. फिल्म तयार होऊ लागली, निम्म्यावर आली — आणि पडदा निळा, यंत्र बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा निळा.

संशय पहिल्यांदा गेला तो कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवलेल्या खाऊच्या पुडीवर. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच ठेवतात. पुडी हिरवीच हवी आणि ताजी हवी, आणि हिच्या पुडीची मुदत कधीच उलटून गेली होती! घरातल्या चपलांनीच ती खाली दुकानात धावली, नवी पुडी आणून ठेवली, वर हात जोडले… निळा. आपल्याच बावळटपणाचं तिला हसू आलं, आणि मग कुठे तिने दोन्ही पट्ट्यांवरचे वेगाचे आकडे वाचले. तिने फोन लावला.

"बाबा, पट्टी घेताना वेग विचारलात का?"

"वेग? दुकानदार म्हणाला, खाचेत बसली की चालते."

"बसते हो. पण माझी पळते आणि तुमची चालते. तुमच्या पट्टीला माझ्या वेगाने पळवलं की ती कोसळते."

"काढून टाक ना. माझ्यापायी तुझं अडायला नको."

हे असलं वाक्य त्यांच्या तोंडून… "नाही काढत," ती जवळजवळ ओरडलीच, आणि सेटिंगमध्ये शिरून तिने आपल्या पट्टीचा वेग त्यांच्या पट्टीएवढा खाली आणला. फिल्म पुन्हा सुरू केली, तयार झालेल्या टक्क्यांचा आकडा रांगू लागला. निम्मा ओलांडला — पडदा निळा झाला नाही.

"चालली का?"

"चालतेय. तुमच्या चालीने."

"पाचपर्यंत होईल?"

"काय माहीत, बाबा."

त्यांनी फोन ठेवला नाही. खाकरले. "त्या फिल्ममध्ये आहे काय गं?"

काय आहे… 'कशाला'ची उत्तरं तिच्यापाशी कितीतरी होती, वर्षानुवर्षं घोटलेली, तिखट. हे मात्र कुणी विचारेल असं तिने धरलंच नव्हतं. फिल्ममधल्या बंदरापासून सांगावं, की त्या क्रेनवरच्या माणसापासून… आकडा सरकतोय की थांबलाय हे बघायचं तिला सुचेना. फोन दोन्ही हातांनी धरून ती खुर्चीच्या काठावर बसली होती, आणि बाबांना ती फिल्म आवडली नाही तर, एवढी एकच भीती तिला वाटत होती.