मधली फळी

घराची वाटणी झाली तेव्हा आत भिंत आली, मागच्या लाकडी डेकवर मात्र आली नाही. डाव्या फळ्या थोरल्या भावाच्या, उजव्या धाकट्याच्या. मधली एक उरली. थोरला म्हणाला, ती धाकट्याची. धाकटा म्हणाला, छे, दादाचीच. दोघांनी इतका मोठेपणा दाखवला की फळी बेवारस राहिली.

भिंत चढत होती त्या दिवशी थोरली जाऊ रागाने धाकटीला म्हणाली होती, “मला ताई म्हणू नकोस.” धाकटी आज्ञाधारक. तिने ताई म्हणणं सोडलं, आणि दुसरी कुठली हाक माहीत नसल्यामुळे बोलणंच सोडलं. तेव्हापासून थोरलीला दुपार खायला उठायची. एक हाक यावी, एवढंच तिला हवं होतं. ते सांगणार कुणाला? सांगायचं ते धाकटीलाच सांगायची सवय.

पावसाळ्याच्या तोंडावर दोघींनी आपापला डेक घासायला काढला. पॉलिश पेपर खरखरत होता. हात पुढे गेला की मन मागे, हात मागे आला की मन पुढे. हिचा भुसा तिच्या अंगणात, तिचा हिच्या केसांत. धाकटी बादलीला उद्देशून म्हणाली, वाऱ्याला काही कळत नाही. थोरलीने ते ब्रशला पटवून दिलं.

घासल्यावर लाकूड खालून कोवळं निघालं, नुकतं न्हाऊन आलेल्या लेकरासारखं. थोरलीने आपल्या बाजूला जवसाचं तेल जिरवलं, धाकटीने वॉर्निश चढवलं. एक बाजू मऊ, एक चकचकीत, आणि मधे करड्या केसांचा भांग पाडावा तशी ती फळी. तिच्यातून पाणी मुरलं की खालची तुळई कुजणार आणि दोन्ही घरांचा डेक बसणार, हे दोन्ही भावांना ठाऊक होतं. दोघे दादाची, धाकट्याची करत चहा पीत होते.

एका सकाळी आभाळ खाली आलं. थोरली तेलाची वाटी घेऊन निघाली. धाकटीही वॉर्निशचा डबा घेऊन बाहेर आली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दोघींनी मिळून, म्हणजे आपापल्या टोकाकडून, ती फळी घासली आणि पुसली. मग थोरली दाराकडून तेल लावत निघाली, धाकटी बागेकडून वॉर्निश. फळी आखूड होत गेली. शेवटी मधे दोन विती कोरडं लाकूड उरलं, आणि दोन वाकलेली डोकी.

धाकटीचा ब्रश थांबला.

“ताई, तेलावर वॉर्निश धरत नाही.”

थोरलीने आधी नाक ओढलं. मग म्हणाली, जवसाचा वास फार उग्र असतो.

“मग आता?” धाकटीने विचारलं.

“मग तेल घे.”

फडकं नाही, धाकटी म्हणाली. थोरलीच्या हातात नवऱ्याचा जुना शर्ट होता. तिने त्याची एक बाही टरकन फाडून दिली. पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत उरलेलं लाकूड तेल पिऊन बसलं.

बागेकडच्या टोकाचं वॉर्निश पुढच्या उन्हाळ्यात पोपडे धरून उठलं. ते कुणामुळे, यावर दोघी तिथेच बसून संध्याकाळपर्यंत भांडल्या. आत दोन्ही भावांनी आपापला चहा आपणच करून घेतला.