केसरबाईच्या घरचा दाणा

शनिवारी केसरबाईनं चर्चची ओसरी शेणानं सारवली, दारात पाण्याचा हंडा ठेवला आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. पिंपळनेरहून फादर महिन्यातून एकदा गावात येत. उद्या मिस्साची उपासना, त्याआधी पापनिवेदन. सारवण दरवेळी दोघी जावा मिळून करत. या खेपेला ती एकटी होती, आणि अर्ध्या ओसरीतच तिची कंबर धरली.

धाकटी जाऊ जमना हल्ली ओढ्यापलीकडच्या खोपीत राहत होती. राहत होती म्हणायचं एवढंच, गावानं तिला तिथं हाकललं होतं. पावसाळ्यात गावात उलटीजुलाबाची साथ आली, दोन पोरं दगावली. विहिरीत काय मिसळलं ते बघायला कुणी वाकलं नाही, सगळे भगताकडे गेले. भगताची रीत अशी, की सूप घरोघर फिरतं आणि प्रत्येक घर त्यात मूठभर तांदूळ टाकतं. एक घर जरी राहिलं तरी तो साथ आणणाऱ्या डाकिणीचं नाव घेत नाही. आणि जे घर दाणा देत नाही, संशय त्याच्यावरच. म्हणून ख्रिस्ती घरांनीही मूठ टाकली. 'आपला कुठं विश्वास आहे,' असं म्हणत टाकली. भगतानं दाणे निरखले आणि नाव घेतलं जमनाचं. विधवा, पोटी मूल नाही, मागं बोलायला कुणी नाही. हे दाणेही मोठे हुशार, चार भाऊ पाठीशी असलेल्या बाईचं नाव त्यांत कधी निघत नाही.

रविवारी केसरबाई फादरांपुढे गुडघे टेकून बसली.

"फादर, मी भगतना सूपमा दाणा टाका. दुसरा देव नको, हाई पहिली आज्ञा मोडी."

सकाळपासून फादर हेच ऐकत होते. प्रत्येक घराचं तेच पाप, तेच शब्द. दोन दिवसांतलं त्यांचं हे तिसरं गाव होतं, पाठ दुखत होती. त्यांनी तिला पापमुक्ती दिली आणि एक जपमाळ म्हणायला सांगितली. पुढं काही विचारलं नाही.

केसरबाईनं जपमाळ म्हटली. मन हलकं व्हायला हवं होतं, झालं नाही.

मिस्सा चालू असताना जमना आली आणि बाहेर निंबाखाली उभी राहिली. केसरबाईच्या शेजारणीनं, चंदनच्या आईनं, तिला बघितलं आणि पोराला पटकन पदराखाली घेतलं. आत्ताच तर ती बाई पापनिवेदन करून आली होती. केसरबाई ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत होती. तिचे पाय पुढं जाईनात. ती रांगेतून बाजूला झाली आणि भिंतीशी बसून राहिली.

सगळे गेल्यावर ती पुन्हा फादरांकडे आली. "फादर, मी अर्धंच पाप सांगं."

"काय राहिलं, अक्का?"

"दाणा टाका ते सांगं. जमनानं नाव निंघी, हाई माले ठाऊक व्हतं. मन्हं निंघू नये म्हनीसन टाका."

फादर बाकावर बसले.

"देवाचं काय बिघडलं ते तुम्ही सांगितलंत, मी तेवढंच ऐकलं. जमनाचं काय झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. ते माझं पाप."

"मंग आते आखो जपमाळ?"

"चोरलेली गाय गोठ्यात ठेवून माफी मागता येते का, अक्का?"

"नही."

"मग काय करायचं ते तुमच्या मनाला विचारा. ते खोटं बोलत नाहीये, तुम्ही रांगेतून बाजूला झालात ना."

घरी नवरा, वना, जमनाला आणायचं ऐकून कावला. "गाव आपले वाळीत टाकी. पानी भरू देवाव नही."

"तुमना भाऊनी बायको शे ती. तठे एकली मरी ऱ्हायनी."

संध्याकाळी केसरबाई ओढ्यापलीकडे गेली तेव्हा वना मागोमाग आला, आणि जमनाचं गाठोडं त्यानंच उचललं.

पाणी खरंच बंद झालं. दोघी जावा ओढ्यात झिरे उकरून पाणी आणू लागल्या. पुढच्या आठवड्यात वरच्या पाड्यावर एक पोरगं तापानं फणफणलं आणि सूप पुन्हा निघालं. भगताचा माणूस लीलाधर ते घेऊन दारात उभा राहिला. जमना कणगीमागं जाऊन बसली.

"मन्हा घरना दाणा नही भेटाव," केसरबाई म्हणाली.

"समजी ले. जे घर दाणा देत नही, तेन्हंच नाव निंघस."

"तं मन्हं ल्या. पन पोरले पहिले दवाखानामा लई जा."

भीती वाटत होतीच, पण ती दारातून हलली नाही.

लीलाधर शेजारच्या दाराशी गेला. तिथं चंदनची आई मुठीत तांदूळ घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्यानं सूप पुढं धरलं. तिनं सुपाकडं बघितलं, मग केसरबाईकडं, आणि मुठीसकट हात पदराखाली घेतला.